अडलेल्या शब्दापाशी

सुमन,

काल तुझी शोकसभा झाली. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या, खुर्चीवर तुझा फोटो ठेवला होता आणि त्याला झेंडूचा एवढा मोठा हार घातला होता की डोळ्यांच्या खाली तू दिसतच नव्हतीस. हेडमास्तर बोलले, नगरपालिकेचे दोन सभासद बोलले. तू मुक्यांना वाचा दिलीस, असं प्रत्येकानं सांगितलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! ह्याच हेडमास्तरांनी आपल्याला व्हरांड्यातून दोनदा उठवलं होतं. आपल्या पोरांच्या आवाजानं म्हणे चौथीच्या वर्गाचं गणित चुकत होतं. चौथीचं गणित चुकायचं ते त्यांचे मास्तर खुर्चीत झोपा काढायचे म्हणून. मी हे तुला सांगितलं तेव्हा तू हसून हसून खांबाला टेकली होतीस.

मलाही बोला म्हणाले. मी उठले नाही. लोकांना वाटलं, मैत्रीण गेली, बिचारीला गहिवरून आलं असेल. मला गहिवरून वगैरे काही आलं नव्हतं. मला तुझा राग आला होता, अजून आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण म्हणणाऱ्यांचं काय जातं? तुला एक वाक्य सांगायचं होतं, ते माझ्याकडून राहिलं. आणि सभेच्या आधीच्या रविवारी मी अकोल्याला जाऊन आले. तिथं काय झालं ते शेवटी सांगते. तू नेहमी म्हणायचीस, शेवंते, तू गोष्ट शेपटीकडून सांगतेस. घे, आज डोक्याकडून सांगते.

तू मुंबईहून वर्षभराचं शिक्षण घेऊन आलीस तेव्हा शाळेत कोणालाच कळलं नव्हतं की तू नेमकं काय शिकून आलीस. न बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या पोरांना बोलायला शिकवायचं, हेही शिकावं लागतं? हेडमास्तरांना वाटलं, तू नवे श्लोक शिकून आलीस. तुला मदतीला कोणी यायला तयार नव्हतं, म्हणून माझी नेमणूक झाली. छप्पन सालानंतर शाळेत लागलेली मी बौद्धाची बाई. कोणाला नको असलेलं काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. मी नाक मुरडत आले आणि तुझ्यापाशीच राहिले.

तुझ्या त्या निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या! पोरगं आलं की त्याच्या नावाची वही निघायची. पहिल्या पानावर चार चौकटी आखायच्या. आज त्याला काय येतं. तीन महिन्यांनी काय यायला हवं. घरी सराव कोण घेणार. आणि चौथी, काय करायचं नाही. पहिल्या महिन्यात तू सगळ्या वह्यांत एकच लिहिलं होतंस: रोज सकाळी दहा मिनिटं आईनं मुलाला आरशासमोर बसवावं. मी वाचलं आणि तोंडावर हसले. म्हटलं, "कोणाच्या घरचा आरसा व? अन् कोणती माय? ती तर दिवस उगवायच्या आत वावरात निंदाले जाते." तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस तू माझ्याशी धड बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी बघते तर सगळ्या वह्यांतला आरसा खोडलेला. त्या जागी लिहिलं होतं: भाकरी थापताना, पाणी भरताना, शेंगा सोलताना. तुला मुंबईनं शिकवलं होतं, मला दर्यापूरच्या आमच्या गल्लीनं. दोन्ही मिळून कुठं वही पुरी व्हायची. असं भांडायला मजा यायची, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आईबाप पोरांच्या जिभेला वेखंड उगाळून लावायचे, मधातून चाटवायचे. पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घातला की पोर बोलतं, म्हणून एकानं पिंजऱ्यासकट पोपट आणला होता. तू त्यांना भाषण द्यायला निघालीस. मी तुला पदर धरून बसवलं. म्हटलं, खाऊ दे पेरू, पोपटाशी आपलं काय वाकडं आहे? पेरू खाऊन झाला की आपली वही उघडू. तेही तू ऐकलंस. तू माझं पुष्कळ ऐकायचीस, म्हणून तर एकदा ऐकलं नाहीस ते मला इतकं लागलं.

रुक्मा आली तेव्हा सात वर्षांची होती. बाप कापसाच्या जिनात कामाला होता. पोरीला बोलता येत नव्हतं असं नाही. लहान भावाला झोपवताना ती गाणं म्हणायची ते एका सुरात, कुठंही न अडखळता. माणूस समोर आलं की मात्र पहिलाच शब्द दातांत अडकायचा, मान ताठ व्हायची, डोळे मोठे व्हायचे. आणि आपल्याकडची माणसं मायाळू फार. कोणाचा शब्द अडला की समोरचा तो उचलतो आणि त्याच्या तोंडात घालून मोकळा होतो. रुक्माच्या घरात आजी, बाप, आई, शेजारीण, सगळे तिची वाक्यं पुरी करायचे. तिनं "प" म्हटलं की चार जणी पाणी घेऊन धावायच्या. तिला पाटी हवी असायची. आपलं वाक्य तिनं आपणच शेवटाला नेल्याला वर्षं लोटली होती. आजी म्हणायची, "पोरीले त्रास कावून देता बाई? आमाले समजते ना तिचं."

तिच्या वहीतली चौथी चौकट तू सगळ्यांत मोठी आखली होतीस. मला ती पाठ आहे. शब्द पुरवायचा नाही. शब्द अडला की तिच्या डोळ्यांकडे बघत राहायचं, कितीही वेळ लागो. खाली पाहायचं नाही, कारण आपण खाली पाहिलं की पोराला वाटतं, आपली ह्यांना लाज वाटली. अनोळखी माणसांसमोर एक वर्ष उभं करायचं नाही. आणि दुसऱ्या चौकटीत, तीन महिन्यांचं काम म्हणून एवढंच लिहिलं होतंस: दुकानात जाऊन स्वतः मीठ मागणे.

आठवतो तो दुकानदार? रुक्मा दिसली की तो न विचारताच मीठ मोजायला घ्यायचा. पोरीला बोलायला शिकवण्याआधी आपल्याला त्याला गप्प राहायला शिकवावं लागलं. तो म्हणायचा, बाई, गिऱ्हाईक असं ताटकळत ठेवू का? चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी आपण दोघी समोरच्या लिंबामागं उभ्या होतो. रुक्मा फळीशी उभी, दुकानदार तिच्याकडे बघत बसलेला, हात मांडीवर. मागं तीन बाया खोळंबल्या होत्या. आणि मग तिचं ऐकू आलं, "म… मले मीठ द्या." पुडी घेऊन ती पळत आली ती आपल्याला न बघता घराकडेच गेली. तू तिथंच लिंबाला धरून रडलीस. मी तुला म्हटलं, अगं मीठ घेतलंय पोरीनं, सोनं नाही. मग मीही डोळे पुसले.

आता ते गॅदरिंग.

खोलीसाठी आपण दोन वर्षं अर्ज करत होतो. पोरं वाढून वीस झाली होती, व्हरांडा पुरत नव्हता, पावसाळ्यात तर वर्ग बंदच. हेडमास्तरांनी सांगितलं की गॅदरिंगला नगरपालिकेची समिती येतेय, त्यांच्यासमोर तुमच्या वर्गातलं एखादं पोर बोलून दाखवा, खोली मिळते की नाही बघा. तू रुक्माचं नाव दिलंस. पाहुण्यांचं स्वागत करायचं, एकच वाक्य. मी तुला वही उघडून चौथी चौकट दाखवली. तुझंच अक्षर. वर्ष व्हायला तीन महिने बाकी होते. तू म्हणालीस, ती तयार आहे, शेवंते, आणि खोली नाही मिळाली तर बाकीच्या एकोणिसांना मी कुठं बसवू? मी म्हटलं, ही काय तमाशातली पोरगी आहे का? तू वही मिटलीस. म्हणालीस, आता ठरलंय.

त्या दिवशी रुक्माच्या वेण्या मी घातल्या, लाल रिबिनीच्या. तिचे हात गार पडले होते. मी तिला सांगितलं, मी पहिल्या रांगेच्या कडेला उभी राहते, तू बाकी कोणाकडेच पाहू नको, माझ्याकडे पाह्य. तिनं मान हलवली.

मंचावर ती "आमच्या वर्गाच्या वतीने मी" इथपर्यंत नीट आली. पुढं "पाहुण्यांचे" होतं. "प"वर अडली. मग मागून पोरं खुसफुसली, कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला दटावलं. तिची मान ताठ झाली होती. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी समितीचे अध्यक्ष, म्हातारे, भले गृहस्थ, खुर्चीतून उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाहुण्यांचे स्वागत करते, हो ना बाळ?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी रुमालानं डोळे पुसले.

खोली मिळाली. महिनाभरात मंजुरीचा कागद आला. ती रुक्माच्या बोलण्यानं मिळाली नाही, तिच्या अडण्यानं मिळाली, हे तुलाही कळलं होतं आणि मलाही. रुक्मा दुसऱ्या दिवसापासून आली नाही. घरीही बोलेना. आजी दारातच म्हणाली, आता बस झालं बाई तुमचं शिकवणं. दिवाळीआधी बापाला अकोल्याच्या जिनात काम लागलं आणि घर उठलं.

नव्या खोलीत पहिल्या दिवशी तू खडू ठेवत होतीस. मी दारात उभी राहून म्हटलं, "तू त्या पोरीले विकलं, सुमन." तू पाठमोरीच होतीस. खडू ठेवत राहिलीस. त्यानंतर दोन वर्षं त्या खोलीत आपण दोघी, विसाची तीस झालेली पोरं, आणि आपल्यात किल्ली कुठंय, हजेरी घेतली का, उद्या कोण येणार, एवढंच. तू कितीदा काही बोलायला यायचीस. मी फडकं घेऊन फळा पुसायला लागायची, पुसलेला असला तरी. पंधरा दिवसांनी एक रविवार तू अकोल्याला जायचीस. तिथं तुझा भाऊ. मी शिक्षकांच्या खोलीत टोमणा मारायची, हिला बाई पंधरवड्याला माहेर लागतं, आमचं मेलं सासर नाही सुटत. तू ऐकायचीस. हसायचीससुद्धा.

आता ते वाक्य. नाही, थांब. आधी हॉस्पिटलचं सांगते.

काविळीनं तुला आठ दिवसांत पिळून काढलं. सहाव्या दिवशी मी आले. तेच सांगायला आले होते, देवाशपथ. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तुझे यजमान उशाशी बसले होते. तू माझ्याकडे बघत राहिलीस, नुसती बघत राहिलीस, आणि मी काय केलं? संत्रं सोललं. एकेका फोडीचा दोरा काढत बसले. ते संपल्यावर म्हटलं, बरं आहे ना, उद्या येते. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. तिसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

दहाव्यानंतर तुझ्या घरी गेले. तुझ्या सासूबाईंनी चहा दिला, त्याच कान तुटलेल्या कपात, जो माझ्यासाठी वेगळा ठेवलेला असायचा. तुला आठवतं, एकदा त्यांच्यासमोर तू तोच कप उचलून त्यातला माझा उरलेला चहा प्यायली होतीस? तू गेलीस, कप आहे तिथंच आहे. पण त्या रडत होत्या, खऱ्या रडत होत्या, म्हणून मी चहा घेतला. मग त्या म्हणाल्या, "अकोल्याच्या त्या पोरीले कोन सांगन व आता?"

मी विचारलं, कोणती पोरगी? भावाची?

"भाऊ कुठं हाय तिचा तिथं? तो नागपूरले गेला, तीन वर्षं झाले. ते जिनातली पोट्टी. तोतरी."

त्यांनी कपाटातून निळी वही काढून दिली. रुक्माची. पहिल्या पानावर चौथी चौकट तशीच होती, फक्त "एक वर्ष उभं करायचं नाही" ह्या ओळीपुढं तू लिहिलं होतंस: हे मी मोडलं. पुढं रविवारचे रविवार. घराबाहेर आली नाही, आजीशी बोलून निघाले. आज दारात आली, लपली. आज शेजारी बसली, शब्द नाही, तुरीच्या शेंगा सोलल्या. आज आजीनं शब्द पुरवला, रुक्मा उठून गेली. असं पानंच्या पानं. सात महिन्यांनी एका ओळीत: आज शेंगा सोलताना "बाई" म्हणाली. शेवटच्या पानावर पुढच्या तीन महिन्यांचं काम आखलेलं होतं: घरी आलेल्या पाहुणीशी स्वतःहून बोलणे. पाहुणी: शेवंता. तिला विचारायचं आहे.

तू विचारलं नाहीस. कशी विचारणार? मी फळा पुसत होते.

रविवारी मी पॅसेंजरनं अकोल्याला गेले. जिनामागच्या चाळीत ती ओट्यावर बसली होती, सुपात शेंगा घेऊन. उंच झाली आहे. मला तिनं ओळखलं आणि माझ्या मागं गल्लीकडे बघितलं, आणखी कोणी येतंय का म्हणून. मग माझ्याकडे वळली. मान ताठ झाली. आजी दारातच होती, तिनं ओठावर पदर धरला आणि गप्प राहिली. तिलासुद्धा तू शिकवलं होतंस. मी रुक्माच्या डोळ्यांकडे बघत उभी राहिले. शेजारच्या नळाखालची बादली भरून वाहू लागली, कोणी बंद करायला गेलं नाही.

"ब… बाई कावून नाई आल्या?"

मला सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेंगा सोलत राहिली, टरफलं दाण्यांत आणि दाणे टरफलांत टाकत. मी तिच्याजवळ बसले. टरफलांतले दाणे वेचत मी म्हटलं, "रुक्मे, त्या दिवशी तू माह्याकडे पाह्यलं, अन् मी खाली पाह्यलं. माह्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो पाहत बसली मी. तुले दिसलं होतं का?"

तिनं मान डोलावली. मला वाटलं तेवढंच. पण तिला अजून बोलायचं होतं. मी थांबले.

"म… मी बाईले सांगतलं होतं."

"कवा?"

"लय दिवसं झाले."

"मंग बाई काय म्हणे?"

ह्याला फार वेळ लागला, सुमन. "त"वर अडली, सोडला, पुन्हा घेतला. मी हललेसुद्धा नाही.

"त… तिले सांगू नोको म्हणे. तिचं तिले बोलू दे."

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी खोलीच्या दारात उभी राहून तुला नको ते बोलले, शाळेत तुझ्या माहेराची टिंगल केली, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून असं दोन वर्षं केलं, आणि तुला ठाऊक होतं. तू एका शब्दानं माझं तोंड बंद करू शकली असतीस. केलं नाहीस. मला तू त्या पोरांतलंच एक पोर धरलंस. शब्द पुरवायचा नाही, बघत राहायचं, कितीही वेळ लागो. हॉस्पिटलात बघत होतीस ती त्यासाठीच ना? आणि मी संत्र्याचे दोरे काढत होते.

ह्याचे आभार मानू की काय करू? लोक म्हणतील, केवढं मन! मला नको होतं ते मन. माझ्याशी भांडायचं होतंस, आरशावरून भांडलीस तसं. म्हणायचं होतंस, शेवंते, नियम मी मोडला तसा तूही मोडलास. मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, तिसऱ्या दिवशी आले असते. तू मात्र वाट बघत बसलीस, आणि मधूनच उठून गेलीस. पोरांपाशी तू असं कधी केलं नव्हतंस.

रुक्माची वही आता माझ्याकडे आहे. "पाहुणीशी स्वतःहून बोलणे" ह्यापुढं मी खूण केली आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा जाणार आहे, आजीला तसं सांगून आले. तुला माफ केलेलं नाही, तेवढं लक्षात ठेव. पण ज्याची वाट बघितलीस ते तरी घे. उशीर झाला, मला ठाऊक आहे. घरात आत्ता कोणी नाही, मी हे मोठ्यानं म्हणतेय.

सुमन, त्या दिवशी खाली पाहिलं ते मी.